वाईट भाषेचा धनी कोण?



मराठीच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत वाईट मराठीवर बोलायला उभं राहणं हा आगाऊपणा आहे, याची मला कल्पना आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, "म्हणजे शुद्धलेखनाच्या चुकांवर का?" चुकांवर नव्हे. चूक नकळत होते. मला बोलायचंय ते चांगलं लिहिता येत असूनही वाईट लिहिणाऱ्यांबद्दल. हे लोक जाणूनबुजून, मेहनत घेऊन वाईट लिहितात. त्यांच्याच शेजारी दुसरी एक मंडळी बसलेली असते. तिला आजची भाषा उत्तम येते, पण ती शे-दोनशे वर्षांपूर्वीची भाषा लिहिते. या दोन मंडळींची गल्लत वाचक करतात, संपादक करतात आणि कधी कधी स्वतः लेखकही करतात. ती गल्लत आज जमलं तर सोडवू.

उदाहरणाशिवाय हे बोलणं हवेत राहील, म्हणून एक अगदी साधा प्रसंग घेतो. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा आहे. लिफ्ट बंद पडली आहे आणि दुरुस्तीच्या पैशांवरून भांडण लागलं आहे. हा प्रसंग आधी बखरीच्या वळणाने लिहितो:

'सोसायटीचे सभेंत लिफ्टीचा कजिया पडला. सेक्रेटरी यांणीं हिशेब पुसिला. खजिनदार यांस राग येऊन वही आपटोन उठोन गेले. मग वडील मंडळी मध्यें पडोन समजाविसी केली, पानसुपारी दिल्ही, वही परतोन आणविली. लिफ्ट मात्र जैसी होती तैसी राहिली.'

आणि आता तोच प्रसंग वाईट भाषेत:

'बंद लिफ्टसारखं त्याचं हृदय वेगाने वर-खाली होऊ लागलं. तिच्या डोळ्यांच्या निळ्याशार डोहात हिशेबाच्या वहीचं वादळ घोंगावत असतानाच खजिनदारांच्या ओठांवर एक गूढ, अगम्य, अनाकलनीय आणि समजायला कठीण असं स्मित आपल्या पाऊलखुणा उमटवून निघून गेलं.'

तुम्ही दोन्हींना हसलात. पण पहिल्या वेळी हसलात ते खजिनदारांना. पानिपताच्या तोलाचं गद्य एका लिफ्टीच्या कामाला जुंपलं होतं, त्या विसंगतीचं ते हसू होतं. भाषेत हसण्यासारखं काही नव्हतं, ती आपलं काम चोख करत होती. दुसऱ्या वेळी मात्र तुम्ही वाक्याला हसलात आणि वाक्य लिहिणाऱ्याला हसलात. लिहिलं मीच होतं, पण हसताना तुमच्या डोळ्यांपुढे मी नव्हतो. 'निळाशार डोह' लिहून झाल्यावर लेखणी खाली ठेवून समाधानाने खिडकीबाहेर बघणारा कुणीतरी गृहस्थ तुमच्या डोळ्यांपुढे होता. माझं आजचं सगळं बोलणं या गृहस्थाबद्दल आहे.

आधी जुन्या भाषेचं आटपून घेऊ, कारण तिथे नियम बरेच स्पष्ट आहेत.

जुन्या शैलीचा पहिला उपयोग सरळ फसवणुकीचा होता. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये 'द कासल ऑफ ओट्रँटो' छापली तेव्हा ती आपली आहे असं सांगितलंच नाही. १५२९ साली नेपल्समध्ये छापलेल्या एका इटालियन ग्रंथाचं हे भाषांतर, अशी बतावणी केली. पुस्तक खपलं, तसं पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत कबूल केलं. गंमत अशी की काही वर्षांनी ब्रिस्टलच्या थॉमस चॅटरटन नावाच्या पोराने पंधराव्या शतकातल्या एका पाद्र्याच्या नावावर स्वतः रचलेल्या कविता याच वॉलपोलकडे पाठवल्या. वॉलपोल आधी हरखला, मग त्याला संशय आला आणि त्याने हात झटकले. चॅटरटन १७७० मध्ये अठराही पूर्ण न होता गेला. त्याची जुनी इंग्रजी कुठून आली, हे पुढे शंभर वर्षांनी वॉल्टर स्कीट या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं. पोराने जुन्या शब्दांचे कोश घेतले होते आणि त्यांतून शब्द उचलून आपल्या काळच्या वाक्यांत बसवले होते. शब्द पंधराव्या शतकाचे होते, वाक्याची हाडं अठराव्या शतकाची होती.

हे मुद्दाम सांगितलं, कारण जुनी शैली साधण्याचा प्रयत्न शंभरांतले नव्वद जण अजूनही याच रस्त्याने करतात. शब्द जुने आणले की भाषा जुनी झाली, असं त्यांना वाटतं.

थॅकरेने १८५२ मध्ये 'हेन्री एस्मंड' लिहिली तेव्हा ही चूक टाळली. नायक राणी ॲनच्या काळातला आहे, स्वतःच्या आठवणी लिहितो आहे आणि वाक्य त्या काळच्या गद्याच्या चालीनं चालतं. पहिली आवृत्ती अठराव्या शतकाच्या वळणाच्या टाइपात छापली होती. म्हणजे वाचकाच्या डोळ्यांचीही सोय केली होती. पण थॅकरेला कुणाला फसवायचं नव्हतं. पुस्तक त्याच्याच नावावर होतं. जुनी शैली फसवणुकीतून सुटली आणि कलेत आली ती अशी. लेखक कोण हे वाचकाला ठाऊक असतं, आणि तरी वाचत असताना तो ते विसरायला राजी होतो. मात्र तसं विसरायला लेखकाने त्याला मुभा दिली पाहिजे. लेखकाने मध्येच डोळा मारला, 'बघा कसं जमलंय' असं एकदा जरी सुचवलं, तरी सगळा पोशाख गळून पडतो. जॉन बार्थने १९६० मध्ये 'द सॉट-वीड फॅक्टर' ही सतराव्या शतकाच्या भाषेतली अवाढव्य कादंबरी लिहिली. तिच्यात थट्टा ओतप्रोत आहे, पण ती माणसांची, राजकारणाची आणि कवीपणाच्या ऐटीची आहे. भाषेची थट्टा बार्थ करत नाही. म्हणून शेकडो पानं ती टिकते.

आणि बोर्हेस. त्याची १९३९ ची पिएर मेनारवरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. विसाव्या शतकातला एक फ्रेंच लेखक सर्व्हान्तेसची 'डॉन किहोते' शब्दशः पुन्हा लिहायला बसतो. नक्कल करायची नाही, स्वतःहून तिथे पोचायचं. काही प्रकरणं हुबेहूब जमतात. बोर्हेसचा निवेदक मग गंभीर चेहऱ्याने दोन्ही मजकुरांची तुलना करतो आणि म्हणतो की मेनारची शैली जुनाट आणि ओढूनताणून आणलेली वाटते, सर्व्हान्तेस मात्र आपल्या काळची बोली सहज लिहीत होता. अक्षर न् अक्षर तेच, पण एक सहज आणि दुसरं ओढलेलं. जुन्या शैलीबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही. जुनेपण शब्दांत नसतं. लिहिणारा आणि भाषा यांच्यामध्ये जे अंतर पडलेलं असतं, तिथे ते असतं.

आता घरी येऊ. मराठी वाचकाला जुन्या भाषेची चव लागली ती ऐतिहासिक कादंबरीतून. पण आपली ऐतिहासिक कादंबरी क्वचितच जुन्या भाषेत आहे, हे जरा स्पष्ट बोललं पाहिजे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची आहे आणि तिची भाषाही १९६२ ची आहे. घरंदाज, मऊ, थोडी हळवी मराठी. देसाईंनी ती पेशवाईची भाषा असल्याचा आव आणला नाही, वाचकानेही तशी मागणी केली नाही, आणि तो करार दोघांनीही पाळला. माझी तक्रार त्यानंतरच्या एका मोठ्या लाटेबद्दल आहे. ती कादंबऱ्यांतून मालिकांत आणि मालिकांतून परत कादंबऱ्यांत येत असते. तिथे पात्रं एका वाक्यात 'आम्हांस विदित आहे' म्हणतात आणि पुढच्या वाक्यात 'परिस्थिती नियंत्रणात आहे' म्हणतात. ही भाषा जुनीही नाही आणि मुद्दाम वाईटही नाही. ती नाटकाच्या कपडेपटातली आहे. प्रत्येक प्रयोगाला तोच अंगरखा, पात्र कुठलंही असो.

या भाषेला वाटतं की मराठी जितकी मागे जावी तितकी संस्कृत होत जाते. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं दरबारी मराठी पत्र उघडा, फारसीने ते इतकं भरलेलं असतं की आजच्या वाचकाला कोश लागतो. वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजून त्यांचं प्रमाण पुढे कसं घटत गेलं ते दाखवलं होतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तोही याच कारणाने. त्या कारभाराची भाषा आधी संस्कृत असती तर कोश करण्याची गरजच पडली नसती. आणि मघाचं माझं लिफ्टीचं उदाहरण पाहा. कजिया, हिशेब, खजिनदार हे तिन्ही शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. त्यांच्या जागी कलह, गणना आणि कोषाध्यक्ष घालून वाचा, बखर नाहीशी होईल आणि मालिका सुरू होईल.

लिफ्ट आणि सेक्रेटरी त्या मजकुरात खटकले नाहीत, याचंही कारण आहे. जुनं मराठी गद्य परके शब्द गिळण्यात पटाईत होतं. कंपनीची त्याने 'कुंपणी' केली, जनरलचा 'जनराल' केला, तसं लिफ्टची 'लिफ्ट' ठेवून 'लिफ्टीचा' असा प्रत्यय लावायला त्याला काय अडचण! आणखी एक बारकावा. मोडीतल्या लेखनात विरामचिन्हं नव्हती. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह हे सगळं छापखान्याबरोबर, मेजर कँडीसारख्यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकात आलं. म्हणून बखरीचं वाक्य 'येऊन, करोन, घेऊन' अशा धातुसाधितांवर उड्या मारत पुढे जातं. श्वास कुठे घ्यायचा हे चिन्ह सांगत नाही, क्रियापद सांगतं. आजचा लेखक 'करोन' लिहितो आणि त्यापुढे स्वल्पविराम देतो. माझ्याही परिच्छेदात दिले आहेत, कारण तुमच्यापुढे वाचायचं होतं. पण कादंबरी लिहिणाऱ्याला ही सवलत घेता येणार नाही.

जुन्या शैलीचं हे असं आहे. तिला काळ असतो, कागदपत्रं असतात, आणि चुकलं तर चूक दाखवता येते. वाईट शैलीला यांतलं काहीच नाही. तिची चूक कशी दाखवणार? ती आधीच चुकांची बनलेली आहे.

अमेरिकेत सॅन होजे स्टेट विद्यापीठातले स्कॉट राइस यांनी १९८२ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. न लिहिलेल्या एखाद्या कादंबरीचं सर्वांत वाईट पहिलं वाक्य लिहून पाठवायचं. नाव दिलं बुल्वर-लिटनचं. त्याची १८३० ची 'पॉल क्लिफर्ड' ही कादंबरी ज्या वादळी रात्रीच्या वाक्याने सुरू होते, ते इंग्रजीत चेष्टेचा विषय होऊन बसलं आहे. बिचाऱ्या बुल्वर-लिटनला ती चेष्टा थोडी अन्यायाचीच आहे, कारण त्याच्या काळी ते वाक्य वाईट समजलं जात नव्हतं. स्पर्धा कित्येक वर्षं चालली आणि तिचा एक नियम मला फार शहाणा वाटतो. फक्त एकच वाक्य. मुद्दाम वाईट वाक्य एकटं असतं तेव्हा खुसखुशीत लागतं. त्याच्यामागे दुसरं आलं की आपण सावध होतो, आणि पान उलटेपर्यंत कंटाळतो.

दोन मोठे प्रयोग हेच सांगतात. १९६९ मध्ये लाँग आयलंडच्या 'न्यूजडे' या दैनिकातल्या माइक मॅकग्रेडी आणि त्याच्या सुमारे दोन डझन सहकाऱ्यांनी 'नेकेड केम द स्ट्रेंजर' नावाची चावट कादंबरी लिहिली, प्रत्येकाने एक प्रकरण. अट एवढीच की ती वाईट असावी. काही प्रकरणं नीट उतरली म्हणून ती बिघडवावी लागली. हे संपादन मला पाहायला आवडलं असतं! पुस्तक धडाक्याने खपलं, बिंग फुटल्यावर आणखी खपलं. दुसरा प्रयोग २००४ चा. विज्ञानकथा लिहिणाऱ्या काही लेखकांना एका प्रकाशनसंस्थेची परीक्षा घ्यायची होती. ही संस्था म्हणे हस्तलिखितं न वाचताच स्वीकारते. त्यांनी 'अटलांटा नाइट्स' रचली. तिच्यात एक प्रकरण गायब, दोन प्रकरणं शब्दशः सारखी आणि एक संगणकाकडून जुळवून घेतलेलं. संस्थेने ती स्वीकारली, बातमी फुटल्यावर नकार दिला.

दोन्ही पुस्तकांची हकीकत वाचायला मजा येते, पुस्तकं कुणी वाचत नाही. कारण त्यांतल्या वाईट भाषेला धनी नाही. वाईट वाक्य वाचताना आपल्याला पहिल्याप्रथम जाणवतो तो खिडकीबाहेर बघणारा गृहस्थ. तो इथे कुठेच नाही. त्याच्या जागी पानामागे दबा धरून हसणारे हुशार लोक आहेत. त्यांचं हसू आपल्यापर्यंत पोचतं, पण आपल्याला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटत नाही.

धनी असला म्हणजे काय होतं, हे पाहायला जेम्स जॉइसच्या 'युलिसीझ'कडे गेलं पाहिजे. १९२२ च्या या एकाच कादंबरीत आपल्या दोन्ही तऱ्हा पूर्ण ताकदीने आहेत, आणि शेजारी शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो.

जुन्या शैलीचं प्रकरण डब्लिनच्या हॉलेस स्ट्रीटवरच्या प्रसूतिगृहात घडतं. रात्रीची वेळ, वरच्या मजल्यावर एक बाई अडली आहे, खाली वैद्यकीचे विद्यार्थी दारू पीत बडबडत आहेत. हे सगळं जॉइस इंग्रजी गद्याच्या सबंध इतिहासातून सांगतो. लॅटिनच्या छायेतली सुरुवात, मग जुनं अनुप्रासी इंग्रजी, मॅलरी, बन्यन, डिफो, स्टर्न, गिबन, डिकन्स, न्यूमन, कार्लाइल. बाळ जन्मतं आणि पोरं बाहेर पडतात तेव्हा भाषा रस्त्यावरच्या बोलींच्या कल्लोळात फुटते. गर्भ वाढतो तशी भाषा वाढते, अशी त्याची योजना होती. सेंट्सबरीचा गद्यलयीचा इतिहास आणि गद्यवेच्यांचा एक संग्रह यांतून त्याने शब्द आणि वळणं टिपून ठेवली होती. कौशल्याला तोड नाही. तरीही मला हे प्रकरण मनापासून आवडत नाही, आणि व्यासपीठावरून असं म्हटल्याबद्दल कुणी रागावलं तर चालेल. इथे प्रत्येक शैलीला काळ आहे, पण कुणीही माणूस ती बोलत नाही. मी वाचतो, माना डोलावतो आणि अडलेल्या बाईचं काय झालं ते मला कळेनासं होतं.

त्याच्या आधीचं समुद्रकिनाऱ्याचं प्रकरण बघा. गर्टी मॅकडॉवेल नावाची मुलगी संध्याकाळी खडकावर बसली आहे. दुरून कादंबरीचा नायक ब्लूम तिच्याकडे बघतो आहे. प्रकरणाचा पहिला अर्धा भाग बायकांच्या मासिकांतल्या, हळव्या कादंबऱ्यांच्या भाषेत आहे. डोळ्यांची निळाई, हृदयाची स्पंदनं, सगळा गोड गुळगुळीत माल. ही मुद्दाम वाईट केलेली शैली आहे, पण ती जॉइसची नाही, गर्टीची आहे. ती हेच वाचते, म्हणून स्वतःकडेही याच भाषेतून बघते. आणि या भाषेने एक गोष्ट आपल्यापासून लपवलेली असते. गर्टी उठून चालायला लागते आणि ब्लूमच्या लक्षात येतं की ती पायाने अधू आहे. त्या क्षणी भाषा बदलते. गोडवा गळतो आणि ब्लूमची तुटक, अर्धवट, रोजची भाषा सुरू होते. लपवणं आणि उघड करणं हे दोन्ही शैलीनेच केलं. इतकं सोसलेल्या मुलीला ती गोड भाषा का हवी होती, हे कळल्यावर त्या वाईट वाक्यांना हसण्याची आपल्याला थोडी लाज वाटते. ही कमाई प्रसूतिगृहाच्या प्रकरणाला होत नाही. याच गर्टीच्या प्रकरणापायी 'लिट्ल रिव्ह्यू' या मासिकाच्या दोन संपादिकांवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला गेला आणि १९२१ मध्ये त्यांना दंड झाला, हेही लक्षात असू द्या.

आणि नंतर येतं ते मध्यरात्रीनंतरचं प्रकरण. ब्लूम आणि स्टीफन नावाचा तरुण दमूनभागून गाडीवाल्यांच्या निवाऱ्यात बसतात. या प्रकरणातलं इंग्रजी इतकं थकलेलं आहे की पहिल्यांदा वाचताना छापखान्याची चूक वाटावी. झिजलेले वाक्प्रचार, एका उपमेतून दुसऱ्या उपमेत घसरणं, सुरुवात विसरलेली वाक्यं, जागोजागी परकी भाषा पेरून विद्वत्तेचा आव. काही समीक्षक म्हणतात की दोघं दमलेत म्हणून भाषा दमली आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. ब्लूम त्या रात्री शिकलेल्या स्टीफनवर छाप पाडू बघतो आहे. या निवाऱ्यातल्या अनुभवांवर एखाद्या नियतकालिकासाठी लिहावं, चार पैसे मिळतील, असा विचारही त्याच्या मनात येऊन जातो. ब्लूमने लिहिलं असतं तर ते असंच लिहिलं असतं. दिवसभर मनात इतकी जिवंत भाषा बोलणारा माणूस 'लिहायला' बसला की असा होतो. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपली गौरवग्रंथांतली मराठी येते. गप्पांत बहारदार बोलणारी माणसं तिथे 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' लिहितात. त्या अर्थी जॉइसचं हे प्रकरण वाईट भाषेची चेष्टा नाहीच. एका चांगल्या माणसाला चांगलं दिसायचं होतं, त्याची ती नोंद आहे.

मराठीत याची उदाहरणं शोधली तर धनी असलेली भाषा बरीच सापडते. चिं. वि. जोशी पाली भाषेचे विद्वान होते, बडोद्याला शिकवत. त्यांना कुठलीही मराठी लिहिता आली असती. त्यांनी लेखणी चिमणरावाच्या हाती दिली. चिमणरावाची भाषा वाईट म्हणता येणार नाही, पण ती जराशी जास्तच नीटनेटकी आहे. घरात काहीही उलथापालथ झाली तरी तो तिचं वर्णन एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या ठेवणीतल्या सुरात करतो. सगळा विनोद त्या सुरात आहे, प्रसंगांत तितका नाही. चिमणरावाचे प्रसंग घेऊन ते साध्या भाषेत सांगून बघा, निम्मे विरघळतील.

दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या टोकाचं. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ ची. तिचं निवेदन पोक्याच्या तोंडी आहे, मुंबईच्या नाक्यावरच्या पोराच्या. शिव्या, वाह्यात शब्द, मोडलेली वाक्यं, मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी. तिच्यावर गदारोळ उठला आणि आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून तिच्यावर कडक हल्ला चढवला. मला यातली विसंगती नेहमी चक्रावून टाकते. हेच अत्रे १९२५ मध्ये केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिणारे. रविकिरण मंडळाच्या काव्यातला खोटा सूर त्यांच्या कानाने नेमका पकडला होता. मराठीत वाईट शैली इतकी बारकाईने ऐकणारा कान दुसरा झाला नाही. आणि त्याच कानाला पोक्या ऐकू आला नाही. अत्र्यांना वाटलं की भाषा लेखकाची आहे. ती पोक्याची होती. वाईट दिसणाऱ्या भाषेचा धनी कोण, हे ओळखण्यात केवढा मोठा माणूस चुकू शकतो, त्याचा हा पुरावा आहे. माझ्या मते 'वासूनाका'ची भाषा वाईट नाहीच. ती सबंध कादंबरीभर अचूक आहे.

'झेंडूची फुले'चा विषय निघालाच आहे तर विडंबनाबद्दल एक शंका तुम्ही काढाल, ती मीच काढतो. विडंबनात धनी कुठे असतो? तो पुस्तकाबाहेर असतो. अत्र्यांच्या वाचकाला मूळ कविता पाठ होत्या, त्यामुळे धनी कोण हे सांगावं लागत नव्हतं. धोका पुढे येतो. इंग्लंडमध्ये स्टेला गिबन्सने १९३२ मध्ये 'कोल्ड कम्फर्ट फार्म' लिहून खेड्यातल्या काळोख्या, उसासे टाकणाऱ्या कादंबऱ्यांची खोड मोडली. तिने एक मजा केली. आपल्या पुस्तकातल्या सर्वांत भरजरी परिच्छेदांवर प्रवासी मार्गदर्शिकेतल्यासारख्या एक, दोन, तीन चांदण्या छापल्या, म्हणजे वाचकाला चांगलं साहित्य कुठे आहे ते शोधावं लागू नये. तशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या मेरी वेबला आज फारसं कुणी वाचत नाही आणि गिबन्सची कादंबरी मात्र वाचतात. पण आता ती विडंबन म्हणून वाचली जात नाही, नुसती विनोदी कादंबरी म्हणून वाचली जाते. ती जगली कारण गिबन्सने पुस्तकाच्या आतही धनी निर्माण करून ठेवले होते. त्या शेतावरची माणसं स्वतःच तशी बोलतात, तशी वागतात, आणि त्यांच्यात फ्लोरा नावाची एक नीटस मुलगी येऊन खोल्या आवरायला लागते. ज्या विडंबनाने असा आतला धनी ठेवलेला नाही, ते मूळ कृतीबरोबरच विसरलं जातं. 'झेंडूची फुले'तल्या काही रचना आज तळटीपेशिवाय पोचत नाहीत, हे मान्य करायला हवं. ज्या पोचतात त्यांच्यात मूळ कवी ठाऊक नसला तरी एक फुशारलेला कवी आपल्यापुढे उभा राहतो.

राहता राहिला एक अवघड प्रश्न. जी भाषा आपल्या काळी सुंदर होती आणि आज हास्यास्पद वाटते, तिचं काय करायचं? हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. समासांनी वाकलेली, अद्भुताने भरलेली, सद्गुणी नायिका आणि दुष्ट खलपुरुष यांची ही गद्यं तेव्हाच्या वाचकाला नवलाची वाटली. हरिभाऊ आपट्यांनी पुढे लिहिलं ते वाचल्यावर ती एकदम जुनी झाली. आज कुणी 'मंजुघोषे'च्या शैलीत कथा लिहिली तर ती जुन्या शैलीची की वाईट शैलीची? माझं उत्तर असं की दोन्ही होऊ शकते, पण लेखकाने निवड केली पाहिजे. एक तर त्याने १८६८ च्या वाचकाइतकं भाबडं होऊन लिहावं, किंवा ती भाषा कथेतल्या कुणाच्या तरी अंगावर घालावी. समजा तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका आयुष्यभर तशा कादंबऱ्या लिहीत आले आहेत आणि कुणीही त्या छापलेल्या नाहीत. मग ती भाषा काकांची. नवे लेखक बहुतेक वेळा या दोन्हींमध्ये कुठेतरी लटकतात. हसायचं की नाही हे त्यांनी ठरवलेलं नसतं, म्हणून वाचकालाही ठरवता येत नाही. मग संपादकाला वेगळं पत्र येतं, 'भाषा हेतुपुरस्सर अशी ठेवली आहे.' तो हेतू पानावर दिसला असता तर पत्र लिहावं लागलं नसतं.

या सभागृहात लिहिणारी बरीच मंडळी आहेत, त्यांना एक विनंती करतो. वाईट लिहायचं ठरवलंत तर पहिल्या पानावर तो धनी आणा. त्याचं नाव, वय, तो काय वाचतो, कुणावर छाप पाडू बघतो, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. वाचकाला सांगितलं नाही तरी चालेल. आणि जुनं लिहायचं असेल तर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून लिहू नका. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड आहेत. रियासतकार सरदेसायांनी निवडून छापलेल्या पेशवे दप्तराचे पंचेचाळीस आहेत. त्यांत राजे आहेत, तसेच पागेचे हिशेब, आजारपणं, उधाऱ्या आणि रुसवेही आहेत. यांतले खंड जुन्या ग्रंथालयांत अजून मिळतात, आणि नावनोंदणीच्या कार्डावर बहुधा कुणाची सही नसते. एक खंड घरी न्या आणि रोज दोन पानं मोठ्याने वाचा.